चौकटीखाली राहिलेले हात

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकते. हाल्वार्ड, म्हणजे माझा नवरा, गिऱ्हाइकांना पण सांगतो, "तूरिदशी बोलायचं तर आधी तिची कॉफी झालीय का विचारा." पण कामात मला नावं ठेवायला जागा नाही, असं मी गेल्या एप्रिलपर्यंत छातीठोकपणे म्हणत होते.

ट्रोन्हाइममध्ये नदीकाठच्या गल्लीत आमचं छोटं दुकान आहे. लोकांच्या जुन्या टेप आम्ही डीव्हीडीवर उतरवून देतो. लग्नं, बारशी, मेलेली कुत्री, सगळं. तीस वर्षं मी टीव्ही केंद्रात संकलन केलं, तो हात अजून आहे.

एप्रिलमध्ये सिगने आली. माझ्याच वयाची, पन्नाशीची. ओला कोट न काढताच तिने एक टेप समोर ठेवली.

"मावशी गुद्रुन अमेरिकेत होती, डुलुथला. जानेवारीत वारली. जायच्या आधी तिने माझ्या आईसाठी ही टेप करून ठेवली होती. तिच्या मुलाने आता पाठवलीय. आमच्या मशीनवर नुसतं राखाडी काहीतरी उड्या मारतंय."

"उड्या मारणारच. तिकडची पद्धत वेगळी, आपली वेगळी. बदलून घ्यावी लागते."

"आणि चित्र मोठं पाहिजे. आईच्या डोळ्यांचं मधलं दिसणं चाललंय. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत जेमतेम. आमचा टीव्ही नवा आहे, रुंद. काळ्या पट्ट्या नकोत. पूर्ण पडदा भरला पाहिजे."

"भरेल," मी म्हटलं.

"आई आणि मावशी पंचेचाळीस वर्षं नीट बोलल्या नाहीत," ती जाता जाता म्हणाली. "नाताळला कार्ड, बस. एकसष्ट साली आजी गेली आणि मावशी आली नाही, त्यावरून. आई रोज विचारते, टेप झाली का."

टेपमध्ये खिचडी होती. पहिली चाळीस मिनिटं जुन्या कॅमेऱ्याची, चौकोनी चित्राची. स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली गुद्रुन. पुढची वीस मिनिटं तिच्या मुलाने ती गेल्यावर नव्या कॅमेऱ्याने घेतलेली, रुंद चित्राची. तळं, अंगण, तिची रिकामी खुर्ची. रुंद चित्र टेपवर दाबून बसवलेलं असतं. ते परत ताणलं नाही तर माणसं महिनाभर उपाशी असल्यासारखी दिसतात. आणि चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं तर सगळे एकदम खाऊनपिऊन सुखी. म्हणून दोन्ही भाग वेगवेगळे हाताळायचे. रुंद भाग तसाच ठेवला. चौकोनी भाग मोठा करून पडदा भरला, म्हणजे वरचं किंवा खालचं चित्र कापणं आलं. टीव्ही केंद्रात पहिल्या दिवशी शिकवलेला नियम माझ्या हाडात मुरलाय, माणसाचं डोकं कापायचं नाही. पहिलं मिनिटभर गुद्रुन केस नीट करत कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. त्यावर मी चौकट बसवली. वरचं सगळं ठेवलं, खालचा पाव हिस्सा कापला. चेहरा असा छान मोठा आला की मीच खूश झाले.

मग आवाज लावला, तर गुद्रुनचा शब्द नाही. तोंड हलतंय, भुवया वर जातायत, आवाज नाही. फ्रिजची घरघर आणि मधूनच टेबलावर ठक ठक, ठक. म्हटलं, माइक मेलेला दिसतो. पूर्ण एक दिवस मी त्या टेपमध्ये त्या बाईचा आवाज शोधला, खरंच सांगते. घरघर काढली, ठकठक एकेक करून पुसली, की त्याखाली कुठे शब्द दबला असेल तर सापडावा. काही सापडलं नाही. चौकटीच्या खालून मधूनच काहीतरी धूसर डोकावत होतं. हातवारे करून बोलणाऱ्या बायका मी काय कमी पाहिल्यात? मी पुढे सरकले.

शेवटी सुरुवात, जोड आणि शेवट तपासला, आमची नेहमीची रीत. 'पहिल्या भागाचा आवाज मूळ टेपवरच नाही' अशी चिठ्ठी डबीत घातली. शुक्रवारी मी दंतवैद्याकडे होते, हाल्वार्डने डबी सिगनेच्या हातात दिली.

सोमवारी सकाळी ती आली तेव्हा दुकानाचं दार भिंतीवर आपटलं.

"काय केलंत तुम्ही हे?"

"दार मोडेल," मी म्हटलं. माझ्या नाकावर लगेच राग.

"मोडू दे! माझी मावशी मुकी होती. आई पण. दोघी जन्मापासून बहिऱ्या, इथल्याच शाळेत शिकल्या. त्या हातांनी बोलतात आणि तुम्ही हात कापून टाकलेत!"

मी खुर्ची ओढून बसले. हाल्वार्ड कॉफीचा थर्मास हातात धरून तसाच उभा राहिला.

"तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हटलं. किती लंगडं वाटलं ते मलाच.

"सांगायचं काय त्यात? आईचे केस पांढरे आहेत हे तरी कुठे सांगितलं?" तिचा आवाज फाटला. "मी डीव्हीडी लावली आणि वाफल भाजायला गेले. म्हटलं, दोघींना जरा एकटं सोडावं. परत आले तर आई रडतेय. लहानपणी मावशी रुसली की हात मांडीखाली घालून बसायची आणि एकटक बघायची. आमच्यात यापेक्षा मोठी शिवी नाही. आईला वाटतंय, गुद्रुनने मरताना मुद्दाम चाळीस मिनिटं तिच्याकडे बघत हात लपवले."

"पण तुम्ही सांगा ना त्यांना, चूक आमची आहे म्हणून!"

"कसं सांगू? शनिवारपासून ती डोळे मिटून बसलीय. मी समोर गेले की मिटते. तिने डोळे मिटले की संपलं, तुम्हीच सांगा, तिच्याशी बोलायचं कुठून? हातावर काही लिहायला गेलं तर मूठ आवळते." तिने टेबलावरचा माझा रुमाल घेऊन डोळे पुसले. "डॉक्टरने सांगितलेले दिवस चाललेत, आणि ती ते असे मिटून घालवतेय."

मी तिची माफी मागितली. लग्नानंतर पहिल्यांदाच असं घडलं, असं हाल्वार्ड नंतर म्हणाला.

मूळ टेप परत लावली. न कापता. गुद्रुनचे हात एक क्षण थांबत नव्हते. टेबलाच्या वर, छातीपुढे, आख्खी चाळीस मिनिटं ती भरभरून बोलत होती. आणि मी त्या हातांऐवजी केसांना जागा दिली होती!

नुसतं परत उतरवून भागेना. तिकडे सेकंदाला तीस चित्रं, आपल्याकडे पंचवीस. ते जमवायला मशीन शेजारशेजारची चित्रं एकमेकांत कालवतं. चेहऱ्याला ते मऊ, सुंदर दिसतं. बोटांना नाही. एका हाताला सात-आठ बोटं, सगळी धुरकट. ज्या बाईला आधीच अंधुक दिसतं ती काय वाचणार?

"कालवणं बंद करते," मी म्हटलं. "जादा चित्रं सरळ टाकून द्यायची."

"झटके बसतील. टीव्ही केंद्रात असं केलं असतंस तर हाकलून दिलं असतं," हाल्वार्ड म्हणाला.

"बसू देत झटके. पण प्रत्येक बोट वेगळं दिसेल."

"आणि पट्ट्या? रुंद टीव्हीवर चौकोनी चित्र लहानच दिसणार."

यावर मात्र त्यालाच सुचलं. मागच्या खोलीत केंद्रातून भंगारात काढलेला थोराड चौकोनी टीव्ही पडलाय, त्यावर तो मोजे वाळवतो. चौकोनी चित्र, चौकोनी पडदा, कापायला नको, पट्ट्या नकोत. "माझी पाठ गेली तर तुझ्या नावाने बोंब मारीन," म्हणत त्याने तो उचलला.

फक्त डोळे कसे उघडायचे, ते कळत नव्हतं. बुधवारी सकाळी नवी डीव्हीडी तपासताना, यावेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मला परत ते ऐकू आलं. ठक ठक, ठक. गुद्रुन बोलता बोलता मधूनच तळहात टेबलावर आपटत होती. मी सिगनेला फोन करून विचारलं.

"दोन आणि एक? ती मावशीची हाक आहे," ती म्हणाली. "आम्ही सगळे असंच बोलावतो, टेबल वाजवून, जमिनीवर पाय आपटून. धक्का कळतो. पण दोन आणि एक फक्त मावशी. आई लहानपणी अंथरुणात असली तरी त्यावरून तिला ओळखायची."

ती ठकठक मी पहिल्या वेळी एकेक करून पुसली होती. यावेळी मी ती सगळी ठेवली आणि जितकी दणदणीत करता येईल तितकी केली.

ओडलाउगबाईंचं, म्हणजे सिगनेच्या आईचं, लाकडी घर चढावर आहे. बाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, स्वयंपाकघरातल्या जाड पाइनच्या टेबलाशी बसल्या होत्या. पाठ ताठ, निळा स्वेटर, डोळे मिटलेले, दोन्ही तळहात टेबलावर. समोर तपकिरी चीज वाळत पडलं होतं. आम्ही आत आलो हे त्यांना पायाखालच्या फळ्यांवरून कळलं असणार, कारण त्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले.

"हट्टी आहे," सिगने म्हणाली. "मावशी तिच्याहून हट्टी होती."

हाल्वार्डने टीव्ही त्याच टेबलावर, त्यांच्या हातांपासून वीतभर अंतरावर ठेवला. टेबल कुरकुरलं. मी तबकडी घातली आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. फ्रिजची घरघर सुरू झाली, गुद्रुनने केस नीट केले, हसली, हात उचलले. बाईंचे डोळे मिटलेलेच. माझ्या एका खुळचट नियमापायी या दोघी कायमच्या तुटणार होत्या, दुसरं तिसरं काही नाही.

मग टीव्हीतून आलं. ठक ठक. ठक.

टेबलावरच्या कपात कॉफी हलली. बाईंच्या हाताची बोटं ताठ झाली. डोळे उघडले नाहीत, पण त्यांनी तळहात आणखी दाबून धरला, कान लावून ऐकावं तसा.

परत आलं. ठक ठक. ठक.

ओडलाउगबाईंनी डोळे उघडले. मग खुर्ची पुढे ओढली आणि नाक काचेला लागेल इतक्या जवळ जाऊन मान जराशी तिरकी केली, कारण त्यांना आता कडेनेच दिसतं.

मला हातांची भाषा येत नाही. सिगने माझ्या बाजूला उभी राहून हळू आवाजात सांगत होती. "म्हणतेय, ए हट्टी, बघ इकडे. रुसू नकोस, मला वेळ नाही... म्हणतेय, आई गेल्याचं पत्र आलं तेव्हा मुलगा चार दिवसांचा होता आणि मी तापाने फणफणले होते. नवऱ्याने पत्र लपवलं. तीन आठवडे. मला कळलं तोवर तुझं दुसरं पत्र आलं होतं, शिव्यांचं. खरं सांगितलं असतं तर तू त्याचं तोंड पाहिलं नसतंस. तो चांगला माणूस होता गं, घाबरला होता. म्हणून माझ्या अंगावर घेतलं. गेल्या वर्षी तो गेला, आता सांगते..." हाल्वार्ड खिडकीबाहेर बघत होता, त्याची बहुधा पाठ दुखत असावी.

चित्र झटके देत होतं. प्रत्येक बोट वेगळं दिसत होतं.

चौकोनी भाग संपत आला तेव्हा गुद्रुन थांबली, हात टेबलावर ठेवून नुसती बघत राहिली, समोरचा काही म्हणेल म्हणून वाट बघावी तशी. ते थांबणं मी पहिल्या वेळी रिकामी जागा समजून कापणार होते, आळसाने राहून गेलं. ओडलाउगबाईंनी तळहात उचलला आणि टेबलावर आपटला, एकदा, मग लगेच दोनदा. ही त्यांची हाक असणार. मग त्यांचे म्हातारे, सुजलेल्या सांध्यांचे हात पडद्यासमोर बोलायला लागले, भराभर, चुकत, परत सुरुवातीला जात.

मी चित्र तिथेच थांबवलं. गुद्रुन तशीच बघत राहिली, घाई न करता.

"काय म्हणतायत?" मी सिगनेला विचारलं.

तिने बघितलं, आणि मग मुद्दाम पाठ फिरवून ओट्याकडे गेली.

"ते त्यांचं त्यांचं," ती म्हणाली. "तुम्ही वाफल घेणार ना?"