जीपच्या काचेवरचा परवलीचा शब्द

आमच्या संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब यांच्या जीपच्या काचेवर लाल रंगात ‘जोतिबा प्रसन्न’ असं लिहिलेलं होतं आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरमधला त्यांचा गुप्त शब्दही जोतिबाच होता. ही गोष्ट मी त्यांचं नाव न घेता माझ्या प्रबंधात लिहिली. तेवढ्यावरून मला सांगली सोडावी लागली. तीच वेळ परत आली तर मी परत तेच लिहीन, हे आधीच सांगून ठेवते.

साल १९७८. सांगलीतल्या एका कॉलेजात मी गणित शिकवत होते. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्यांची लाज त्यांनीच राखावी. कपाटाएवढं ते यंत्र आलं तेव्हा त्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. त्याच्या खोलीला गारवा करणारं मशीन बसवलं. आम्हा शिक्षकांच्या खोलीतला पंखा मात्र वर्षभर नुसताच लटकत होता. मुलांचे मार्क त्या यंत्रात ठेवायचे ठरलं. ते बघायचे किंवा बदलायचे अधिकार प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष आणि काही प्राध्यापकांना. प्रत्येकानं आपल्या पसंतीचा एक गुप्त शब्द ठरवायचा, तो टाईप केला की कुलूप उघडायचं. ते कुलूप मी तयार केलं होतं. अशा कुलपावर किती भरवसा ठेवावा, हाच माझ्या पीएच.डी.चा विषय होता. प्रबंधही मी त्याच यंत्रात, माझ्या स्वतःच्या गुप्त शब्दाच्या कुलपात ठेवला होता.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत हवालदार होते. ते याला परवलीचा शब्द म्हणत. लडाखमध्ये पहाऱ्यावर असताना धुक्यातून आलेल्या स्वतःच्याच कॅप्टनला त्यांनी बंदूक रोखून थांबवलं होतं, कारण साहेब शब्द विसरले होते. ही हकिगत ऐकतच मी वाढले.

माझं कुलूप पक्कं होतं, माणसं कच्ची निघाली. कुणाला कळणार नाही असा शब्द निवडा म्हटलं की आमच्याकडचा माणूस डोळे मिटतो आणि त्याला आठवतं कुलदैवत. आता आमच्या भागात ओळख निघाली की आडनावानंतर गाव आणि गावानंतर कुलदैवतच विचारतात. म्हणजे कुलपाची किल्ली दारातच टांगलेली. माझे मार्गदर्शक शरच्चंद्र सर म्हणाले, ‘करून बघा.’ मी बघितलं. प्राचार्य नारायणराव वाईचे, म्हणून गणपतीचं नाव घातलं. पहिल्या फटक्यात उघडलं. मग खंडोबा चालला, मांढरदेवी चालली आणि शेवटी जोतिबा. एकाचेही मार्क मी पाहिले नाहीत. उघडलं की लगेच बंद केलं आणि लिहिलं, की मास्तरांचं गाव ठाऊक असलेला कुठलाही विद्यार्थी स्वतःला पास करून घेऊ शकेल.

नारायणरावांनी ते वाचलं आणि त्यांना घाम फुटला. ‘विजयमालाबाई, हे प्रकरण काढून टाका. बाहेर कळलं तर संस्थेची अब्रू जाईल.’

‘शब्द बदला की,’ मी म्हटलं. ‘प्रकरण कशाला काढायचं?’

झालं, अध्यक्षांना बोलावणं गेलं. लालासाहेब कॉम्प्युटरच्या खोलीत आले ते पायातल्या वहाणांसकट. मागे नारायणराव, शरच्चंद्र सर आणि निम्मा स्टाफ.

‘कुणाच्या परवानगीनं माझ्या देवाचं नाव घातलंस गं?’

मी सरांकडे पाहिलं. सरांनी घसा साफ केला आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. मला त्यांचा भयंकर राग आला. तेवढा लालासाहेबांचाही आला नव्हता.

‘देवाचं नाव गुप्त नसतं, साहेब. तुमच्या तर जीपवर लिहिलंय.’

‘आत्ता बदलतो. मग उघडून दाव.’ लालासाहेबांनी सगळ्यांना तोंडं फिरवायला लावली आणि एका बोटानं अक्षरं दाबली. ‘हं, उघड आता.’

गेल्याच आठवड्यात त्यांचा सुलतान नावाचा बैल शर्यत जिंकला होता आणि अंगावर गुलाल घेऊन सगळ्या सांगलीभर मिरवला होता. मी ‘सुलतान’ टाईप केलं. कुलूप उघडलं. मागे कुणीतरी हसलं आणि घाईघाईनं खोकलं.

लालासाहेबांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. ‘हे तुझं प्रकरण ह्याच मशीनमदी हाय न्हवं? पुसून टाकायचं. तुझा शब्द प्राचार्यांना सांग.’

‘न्हाई सांगणार.’ कॉलेजात मी कधी गावाकडचं बोलत नसे, पण त्या दिवशी तेच तोंडातून आलं.

‘मी अध्यक्ष हाय.’

‘तरी न्हाई. तुमाला सांगितला तर मी लिवलेलं सगळं खोटं पडंल. घ्या की उघडून, माझं गाव समद्यांस्नी ठावं हाय.’

ते हट्टाला पेटले. ‘कोरेगावकडची न्हवं तू? घाला भैरोबा.’ कॉम्प्युटरनं नकार टाईप केला. ‘बाप कोण हिचा?’ आबांचं नाव कृष्णात, ते घातलं. नकार. आईचं मनुबाई, तेही घातलं. नकार. मग एकेक जण पुढे सरकू लागला. कुणी म्हणे सासर धरून बघा. माझं लग्नच झालं नव्हतं. कुणी घेवडा सुचवला, कारण आमच्या कोरेगावचा घेवडा प्रसिद्ध. घटकाभरापूर्वी ज्यांना माझं संशोधन थोतांड वाटत होतं, ती विद्वान मंडळी आता घाम पुसत माझाच प्रयोग करत होती. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू.

‘जबरदस्तीनं पुसायचं तर सगळंच जाईल, मार्कांसकट,’ शरच्चंद्र सर अखेर म्हणाले. त्या दिवशी ते बोलले ते एवढंच.

लालासाहेब उठले. ‘उद्यापासनं यायचं न्हाई.’

‘न्हाई येत. शब्द मातूर माझ्यासंगं जाईल.’

पुढे मी पुण्यात दुसऱ्या मार्गदर्शकांकडे प्रबंध पुरा केला. ते प्रकरण आठवून पुन्हा लिहिलं आणि त्यात घातलं, एक ओळही काढली नाही. पण त्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नोकरी गेली होती आणि प्रबंधाचं काय होणार ते माहीत नव्हतं. मी कोरेगावच्या स्टँडवर उतरले. आबा सायकल घेऊन आले होते. माझी पिशवी हातात घेत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘आन् शब्द?’

‘न्हाई सांगितला.’

ते दोन पावलं सायकल ढकलत चालले. मग हळूच म्हणाले, ‘मला तरी सांग की. मी काय परका हाय?’

‘न्हाई, आबा. तुमालाबी न्हाई.’

आबा थांबले. त्यांनी सायकल भिंतीला लावली, पिशवी खाली ठेवली, टाचा जुळवल्या आणि भर स्टँडवर मला कडक सॅल्यूट ठोकला.