निळ्या खुणा

काठीवाले येईनासे झाले तेव्हा मी आधी अस्वलावर संशय घेतला.

काठीवाले म्हणजे उन्हाळ्यात आमच्या डोंगरात चालायला येणारे परदेशी. पैसे भरून पायी चालतात, आणि दोन पाय पुरत नाहीत म्हणून दोन्ही हातांत काठ्या घेतात. आमच्या रोक्कामुर्ला गावाभोवती अभयारण्य झाल्यापासून त्यांची शिखराकडे जायची वाट माझ्या दारावरून जाते. माझं घर गावाच्या वर, जंगलाच्या कडेला, एकटंच. ते बसायचे, पाणी प्यायचे, माझ्या बकरीचे फोटो काढायचे. माझा फोटो कुणी काढला नाही, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

यंदा मात्र मला त्यांची गरज होती. ईस्टरला माझा मुलगा ओरेस्ते तुरीनहून आला आणि म्हणाला, "आई, वर तू एकटी. पडलीस बिडलीस तर कुणाला कळणार? चल माझ्याकडे. लिफ्ट आहे."

"लिफ्टचं काय लोणचं घालू? माझ्या दारावरून रोज माणसं जातात. पडले तर उचलतील. आधी फोटो काढतील, पण उचलतील."

"ठीक आहे. ऑगस्टात मारियामातेच्या सणाला येतो. रोज कुणी येत असेल तर राहा. नाहीतर सामान बांधून ठेव."

जून गेला, जुलै गेला, दारात चिटपाखरू फिरकलं नाही. अस्वल निर्दोष निघालं; ते खाली गावातल्या पालमिराच्या मधपेट्यांत रमलं होतं. रविवारी प्रार्थनेला उतरले की चौकात काठीवाले दिसायचे, लालबुंद, घामाघूम. मला वाटायचं, येतील मागून. कुणी यायचं नाही.

सणाच्या दिवशी मटणाचा रस्सा केला. दर वेळी मी चौकात जाऊन ओरेस्तेला घेऊन यायचे. यंदा गेले नाही. ज्याला मला न्यायचंय त्याने चढावं, म्हटलं. दुपार उलटली, रस्सा निवला, याचा पत्ता नाही. माझ्याकडे मोबाईलला रेंज नाही. जीव टांगणीला लागला. शेवटी राग गिळला, काठी घेतली, एकच, आणि उतरले.

ओरेस्ते तुल्लिओच्या कॅफेसमोर बूट काढून बसला होता. टाचेला फोड, तोंडाला दारूचा वास, मांडीवर चीजचा अर्धा गोळा.

"आई! सकाळपासून चालतोय गं!"

"कुठे?"

"शिखराची वाट दाखवणाऱ्या लाल-पांढऱ्या खुणांवरून. तिसऱ्यांदा इथेच आलो."

"आम्ही चौथ्यांदा," शेजारची डच बाई आनंदाने म्हणाली. "फार सुंदर वाट! प्रत्येक वळणावर कुणीतरी चीज विकतो."

तेव्हा मी पहिल्यांदा भिंतींकडे पाहिलं. जिच्या पायांना वाट पाठ, ती भिंतीवरचा रंग कशाला बघते? खुणा तुल्लिओच्या कॅफेत शिरत होत्या, मागच्या दाराने पालमिराच्या चीजपाशी, तिथून चर्चच्या दानपेटीला वळसा घालून पुन्हा कुणाच्या तरी अंगणात.

"दोनातो!" मी ओरडले. दोनातो आमचा सरपंच.

"मावशी, मी रिवाजाप्रमाणेच केलं," तो म्हणाला. "यंदा अभयारण्याने खुणांसाठी रंग दिला, मी वाटून टाकला. ज्याच्या दारासमोरची वाट, त्याने रंगवायची."

रिवाज खरा आहे. आमच्याकडे दारासमोरच्या वाटेवरचे दगड ज्याचे त्याने उचलायचे, बर्फ ज्याचा त्याने ओढायचा. दुसऱ्याच्या तुकड्यावर कुणी झाडू जरी फिरवला तरी तीन पिढ्या बोलणं बंद. त्यामुळे प्रत्येकाने आपापला तुकडा रंगवला, आणि रंगवताना वाट आपल्या दाराकडे जराशी वाकवली.

"आणि गावाबाहेर पडायची खूण? ती कुणाकडे होती?"

सगळे दोनातोकडे बघायला लागले.

"माझ्या भाड्याच्या खोल्यांकडे एक छोटासा बाण आहे फक्त," तो म्हणाला. "तिथून बाहेर पडलं की चौक."

"आणि डोंगर?"

"डोंगर काय पळून जातोय, मावशी?"

"पुसा सगळं!"

"माझी का पुसू?" तुल्लिओ म्हणाला. "माझी सरळ आहे. पालमिराची वाकडी आहे."

"हात तर लावून बघ, मेल्या!" पालमिरा किंचाळली.

या गोंधळात ओरेस्ते हळूच म्हणाला, "म्हणजे वर कुणीच येत नाही, आई. आपलं ठरलं होतं."

मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "याच वाटेवर तू चालायला शिकलास. आणि आज आईचं घर तुला भिंतीवरच्या रंगाशिवाय सापडेना? तू मला तुरीनला नेऊन सांभाळणार? हरवलंय कोण रे, मी की तू?"

ओरेस्तेने खाली बघत बूट चढवले.

वर जाताना मी पुढे, तो मागे. गुरांच्या हौदापाशी तो डावीकडे वळायला लागला. मी बाही धरून त्याला उजवीकडे आणलं. घरी त्याने रस्सा दोनदा वाढून घेतला. मला वाईट वाटत होतं. चारचौघांत एवढं बोलायला नको होतं. पण बोलले त्यात खोटं काही नव्हतं.

सकाळी तो अंथरुणात नव्हता. खिडक्यांना लावून उरलेला निळा रंगही जागेवर नव्हता. माझ्या उंबऱ्यापासून खाली चौकापर्यंत, दगडांवर, कुंपणांवर आणि सगळ्यांच्या भिंतींवर त्याने निळे पट्टे ओढले होते.

"रिवाज मोडला!" गाव ओरडलं.

"कुठे मोडला?" ओरेस्ते म्हणाला. "ही माझ्या आईच्या दारासमोरची वाट. फक्त जरा लांब आहे."

आता दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही हाही रिवाजच, त्यामुळे पुसणार कोण? गाडीत बसताना तो म्हणाला, "राहा. पण दर महिन्याला मी येणार."

गावाने सूड घेतला. काठीवाल्यांनी निळ्या खुणांबद्दल विचारलं की सगळे सांगायचे, "तिकडे जाऊ नका. काही नाही तिथे, एक खवट म्हातारी आहे." झालं! काही नाही म्हटल्यावर काठीवाले रांग लावून वर यायला लागले.

"या निळ्या खुणा कुठल्या शिखराच्या?" त्या डच बाईने वर आल्यावर मला विचारलं.

"शिखराच्या नाहीत. माझ्या मुलाला घर सापडावं म्हणून आहेत."

ती पोट धरून हसली. मी बाकावरून बकरीला उठवलं आणि तिला बसायला जागा करून दिली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मी रस्सा चुलीवर ठेवला आणि चौकात गेले नाही. दर थोड्या वेळाने दाराशी जाऊन खाली वाटेकडे बघत होते. ओरेस्ते आला, एकटा, कुणी आणायला न जाता. रस्सा अजून गरम होता.