शेवटची बस

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाआधीचं ते शेवटचं गाव. डोंगरावरच्या तळ्याकडे जायचं तर इथेच मुक्काम पडायचा, म्हणून गावात घरांपेक्षा लॉज जास्त. त्यातलं सगळ्यात जुनं लॉज चालवणाऱ्या मालकीणबाईंनी मात्र लग्न होऊन आल्यापासून ते तळं एकदाही पाहिलं नव्हतं.

रस्ता उघडायचा तो बर्फ वितळल्यावर, आणि बर्फ वितळलं की पाहुण्यांची रीघ लागायची. "हंगाम संपू दे, मग निवांत जाऊन ये," सासूबाई म्हणायच्या. हंगाम संपायचा त्याच दिवशी फाटकाला कुलूप लागायचं. नव्या नवरीला वाटायचं, तळं काय, कुठे पळून जातंय! तेव्हा कपडे वाळत घालताना गच्चीवरून निदान शिखर तरी दिसायचं. वाऱ्याने चादर बाजूला झाली की पांढरंशुभ्र समोर उभं! आता तिथे चार मजली हॉटेल आलं होतं आणि शिखराच्या जागी त्यांच्या पाण्याच्या टाक्या.

आज हंगामाचा शेवटचा दिवस होता. डॉक्टरांनी त्यांचे गुडघे दाबून बघितले होते आणि बस थांबते तिथून तळ्यापर्यंतच्या चढाचं पुढच्या वर्षी नावच काढू नका म्हणून सांगितलं होतं.

"दुपारच्या बसने मी वर जाणार," मालकीणबाईंनी नवऱ्याला बजावलं. "लॉज तुम्ही सांभाळा."

"जा की! मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मालक पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

त्या बूट घालून, काठी घेऊन दारात आल्या आणि नेमकं एक जोडपं बॅगा घेऊन दाखल झालं.

"अगं, उशांचे अभ्रे कुठे असतात?" वरून मालकांची हाक आली.

"कपाटात."

"कुठल्या?"

"माझ्या लग्नापासून ज्यात असतात त्यात!"

थोड्या वेळाने, "अगं, गरम पाणी येत नाहीये!"

मालकीणबाई चरफडत बूट काढून वर गेल्या. अभ्रे चढवले, बॉयलर चालू केला. तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला आणि शेवटची बस निघून गेली.

त्या जिन्यातच बसल्या. पाहुणीबाई खाली उतरता उतरता थांबली. "काकू, तळ्याचा फोटो कुठून छान येतो?"

"डावीकडची पायवाट धरा," सवयीने तोंडातून निघालं. "मोठ्या खडकावर उभं राहिलं की पाण्यात शिखर उलटं दिसतं." हे सगळं परतलेल्या पाहुण्यांकडून ऐकलेलं.

"तुमची चैन आहे हो! मनात आलं की तळं."

"मी पाहिलेलंच नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

"अगं, गिऱ्हाइकांसमोर काय हे?" मालक वरून खाकरले.

"खरं तेच सांगतेय. ह्या घराने मला कधी वर जाऊच दिलं नाही."

पाहुणीबाई ओशाळली. "मग चला ना आमच्या गाडीतून. आत्ताच निघतोय आम्ही."

"अगं, पण रात्रीचं जेवण?"

"बटाटे उकडा!" म्हणत मालकीणबाईंनी पुन्हा बूट चढवले.

फाटकापाशी पोचल्या तर आडवा बांबू खाली आलेला. पहाऱ्यावर दिराचा मुलगाच होता.

"काकू, वर जाणारी शेवटची गाडी आत्ताच सोडली. आता फक्त उतरणाऱ्या."

"अरे, लहानपणी तुझं नाक पुसलंय मी!"

"म्हणून तर जीव कासावीस होतोय. पण वर कॅमेरा आहे. नोकरी जाईल माझी."

त्याचं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच भांडायलाही काही उरलं नाही. पाहुण्याने गाडी वळवायला घेतली. "जाऊ दे, काकू. परत जाऊन तुमच्या हातचा मस्त चहा घेऊ."

मालकीणबाई दार उघडून खाली उतरल्या. "तुम्ही व्हा पुढे. चहा मालक करतील."

पुतण्याने स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. "काकू, इथून तळं दिसत नाही. नुसती झाडं."

"ठाऊक आहे."

त्या बसल्या. एकामागून एक गाड्या उतरू लागल्या. एका गाडीची काच खाली झाली आणि थंडीने लाल झालेल्या गालांची एक मुलगी ओरडली, "आजी, तळं चुकवू नका हं! अप्रतिम आहे!"

पाहुणा दिसला की आपोआप हसणाऱ्या मालकीणबाईंनी झाडांकडे तोंड फिरवलं.