मागचं दार

“सांगाड्याचे चारही कोपरे चांगले, अबू लैस. तपासणीवाल्यानं खाली झोपून बघितलंय. कुठं ठोकर नाही की कुठं रंग मारलेला नाही,” हैसम म्हणाला आणि त्यानं लाल स्पोर्ट्स कूपेच्या बॉनेटवरून शर्टाची बाही फिरवली.

अम्मानच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात हैसमची जीभ सगळ्यात गोड, हे नायफ ओळखून होता. पण आज त्याला गोडच ऐकायचं होतं. साखरपुड्याला त्यानं इन्साफला शब्द दिला होता, की दोन दारांची लाल गाडी घेऊ आणि अकबाच्या समुद्रापर्यंत दोघंच जाऊ. मग आई राहायला आली, लैस झाला नि लोक नायफला अबू लैस, म्हणजे लैसचा बाप, म्हणू लागले, मुली झाल्या आणि दारात चार दारांची पांढरी सेडान उभी राहिली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त होईपर्यंत तो शब्द तसाच राहिला.

“रोजच्याला चालेल का पण?” त्यानं विचारलं. “आमच्या गल्लीतले गतिरोधक म्हणजे उंटाची पाठ.”

“तिरकी घालायची. पोट घासणार नाही.”

“आणि तेलाचे डबे?” इन्साफ म्हणाली. “ऑलिव्हच्या हंगामात गावाकडून येतात ते?”

“मागच्या सीटवर टाका, काकू. नाहीतरी तिथं माणूस मावत नाही.”

फेरी मारायला नायफ स्टिअरिंगमागे बसला. इन्साफ पलीकडून आली, पुढचं दार ओलांडून मागे गेली आणि गुळगुळीत पत्र्यावर हातानं कडी चाचपू लागली.

“काकू, हिला मागं दारच नाही,” हैसम हसला. “तुमची जागा पुढं.”

नायफला हसू आलं नाही. पुढची जागा आईची, हा घरचा रिवाज. इन्साफ लग्नापासून मागे बसत आली, मुलं मांडीवर घेऊन. आई जाऊन वर्ष होत आलं तरी ती मागेच बसायची, आणि शेजारची जागा रिकामी घेऊन गाडी चालवताना नायफला कधी काही खटकलं नव्हतं. सासूचा मान राखतेय, असं तो धरून चालला होता. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

दाराचा आधार घेत ती कशीबशी आत बसली. उतारावर गाडी वळली आणि समोर सगळी दरी उघडली.

“अगंबाई, पुढून एवढं दिसतं?” ती म्हणाली. “मला आपला सासूबाईंचा डोक्यावरचा पांढरा रुमाल तेवढा पाठ.”

“बोलली का नाहीस कधी?”

“तुम्ही विचारलंत कधी?” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर नायफला बरं वाटलं असतं.

परतल्यावर तिला उठता येईना. नायफनं दोन्ही हात धरून तिला वर ओढलं.

“देखणी आहे हो गाडी,” ती गुडघा चोळत म्हणाली. “तेव्हाच आणायची होतीत.”

हैसम ‘मबरूक’ म्हणून अभिनंदन करायच्या बेतात होता. नायफनं किल्ली परत त्याच्या हातावर ठेवली.

त्यांची सेडान रस्त्यापलीकडे उभी होती. नायफनं वळसा घालून पुढचं दार तिच्यासाठी उघडून धरलं. इन्साफनं त्या जागेकडे पाहिलं, दार हलकेच लावलं आणि मागे जाऊन बसली.

“राहू दे आता,” ती म्हणाली. “मागं पाय लांब करता येतात.”

नायफनं आरसा वळवत वळवत तिच्या चेहऱ्यावर आणला आणि गाडी सुरू केली. मागून येणाऱ्या गाड्या त्यात दिसत नव्हत्या.