टेकल्यावर फिरवलेला तुकडा

यंदा आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला ठोकळ्यांच्या गेमची स्पर्धा ठेवली. वरून तुकडे पडतात, ओळ भरली की उडते, तोच गेम. जिंकणारा एकटाच बुलडाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होता. पंच कोण, तर रंगराव सर. वीस वर्षं कबड्डीचे पंच. हा गेम जन्मात खेळले नाहीत, पण शिट्टी त्यांच्याकडे होती ना.

फायनलला मी आणि फलक. धाड गावाहून जीपने येता-जाता तिने सहा महिने मोबाइलवर एकच डाव घोटला होता, टी-स्पिन. टी आकाराचा तुकडा खाली टेकतो, पण पक्का बसायला अर्धा सेकंद घेतो. तेवढ्यात फिरवला तर वरून झाकलेल्या खाचेतही शिरतो. तिने शिरवला. तीन ओळी एकदम उडाल्या, त्यांचा कचरा, म्हणजे समोरच्याला शिक्षा म्हणून मिळणाऱ्या ओळी, माझ्या पडद्यावर खालून चढला आणि मी मेलो.

सरांनी शिट्टी मारली. टेकला म्हणजे संपला, त्यावर फिरवणं म्हणजे चोरी. फलक म्हणाली, सर, गेमलाच हे चालतं, ओळी त्यानेच उडवल्या. सर म्हणाले, "मशीनले काय समजते?" पोरं हसली. सहा महिन्यांच्या मेहनतीला चोरी म्हणतात आणि हे हसतात.

मग हुकूम सुटला. डाव पुन्हा, टेकल्यावर फिरवायचं नाही. फलक गुमान बसली. तिला बुलडाण्याला जायचंच होतं. पण हात बांधून खेळणार कशी? मागे पडत गेली. असलं जिंकणं मला नको होतं. टी आला तसा मी तो मुद्दाम टेकवला आणि फिरवला.

शिट्टी. गजेंद्र बाद, फलक विजयी.

फलकने माझ्याकडे पाहिलं. "भीक देऊन राह्यला का बे मले?"

तिचा पडदा अजून चालूच होता. पुढचा टी तिने सावकाश खाली आणला. टेकवला. फिरवला. तीन ओळी उडाल्या.

"आता मलेही बाद करा, सर."

आणि त्या माणसाने केलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आमच्या कॉलेजातून बुलडाण्याला कोणीच गेलं नाही. फॉर्मवर सरांनी लिहिलं, पात्र खेळाडू मिळाला नाही. खाली सही आणि शिक्का.