दोरावरचा हात

सखाराम पुन्हा जागचा हलला होता.

सकाळी शाळेत जाताना रेणुकाने त्याला लोखंडी दोराला लागून उभा केला होता, उजवा तळवा दोरावर टेकलेला. दुपारी येऊन बघते तर हा पठ्ठ्या पार मेजावरच्या लाकडी फळ्याच्या कडेला, दोराकडे पाठ करून, एसटीची वाट बघत असल्यासारखा. जेमतेम दोन इंचांचा प्लॅस्टिकचा जवान. त्याला काही आपोआप पाय फुटत नाहीत.

"आये, खोलीत कोण आलं होतं?"

"कोन येनार?" चंपाने चुलीपाशी बसल्या जागेवरून विचारलं. "रामजीभावजी आले, च्या प्यायले, तुजा तो खेळ बगीत बसले नि गेले."

रेणुकाने मान डोलावली आणि मनात खूणगाठ बांधली. एकतीस वर्षं ती चित्रकला शिकवत होती. कुणाचं चित्र घरच्या मोठ्या भावाने काढून दिलंय, हे तिला नुसत्या झाडाच्या बुंध्यावरून कळे. मुलं तिला मागून 'सीआयडी बाई' म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं, किंबहुना आवडतही होतं. एकदा माणूस संशयी झाला की झाला. घरी आल्यावर संशय काही चपलेबरोबर बाहेर काढून ठेवता येत नाही.

हा सखाराम म्हणजे तिचे वडील. एकाहत्तरच्या लढाईत, सीमेपलीकडच्या एका नाल्यात आपला रुतलेला रणगाडा ओढून काढताना ते गेले. शत्रूचा तोफगोळा आला आणि त्यात गेले, हे घरात, वाडीत, विहारात सगळ्यांना पाठ होतं. रेणुका तेव्हा पाच महिन्यांची, आईच्या पोटात. आणि हे सगळ्यांना पाठ करून दिलं होतं एकाच माणसाने. रामजीकाका नदीपलीकडच्या वाडीतले, बाबांच्याच तुकडीतले. बाबांची पत्र्याची पेटी घेऊन तेच घरी आले होते. तिथं काय घडलं ते बघितलेला आसपासच्या गावांत दुसरा माणूस नव्हता.

यंदा सोळा डिसेंबरला विहारात गावच्या जवानांचे फोटो लावायचं ठरलं, तेव्हा रेणुका सगळ्यांसमोर बोलून बसली, की नुसता फोटो नको, मी तो प्रसंगच उभा करते. सुताराने काचेची पेटी करून दिली, साडेतीन फूट लांब आणि दीड फूट रुंद. त्या मापाचा फळा मेजावर आला आणि नवरा मुंबईला, मुलं पुण्याला म्हणून रिकामी पडलेली मागची खोली एकदम भरून गेली.

रणगाड्याचा संच पार्सलने आला, खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा. ओढणारी गाडी कुठल्याच संचात मिळेना. मग दुसऱ्या एका रणगाड्याचा बुरूज कापून तिथं प्लॅस्टिकच्या पत्र्याची खोकी बसवली, आइस्क्रीमच्या काड्यांचे खांब केले. दोरासाठी सायकलच्या ब्रेकची तार उलगडून तिचा एकच पेड घेतला. चिखल मात्र तीनदा खरवडावा लागला. पहिल्यांदा तिने अंगणातली माती चाळून पसरली तेव्हा रामजीकाका हसले होते. "गो बाय, ही तर आपली अलोऱ्याची माती. तिकडं लाल नव्हती. भुरकट. बुटाला शेनासारखी चिकटायची." मग राख, वाळू, लाकडाचा भुसा आणि फेविकॉल.

तोवर सगळं झकास चाललं होतं. काका आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने येत, पंच्याहत्तरीच्या गुडघ्यांना शिव्या घालत मेजाशी बसत आणि तासतास सांगत. रणगाड्यावरचा आकडा त्यांना पाठ होता. ओढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर डावखुरा होता, हेही आठवत होतं.

बिनसलं ते माणसं उभी केली त्या रविवारी. रेणुकाने ड्रायव्हर बसवला. त्याला हाताने खूण करणारा जवान, म्हणजे काका, नाल्याकडे तोंड करून मागे ओढणाऱ्या गाडीसमोर, दोरापासून जरा बाजूला उभा केला, तोंड गाडीकडे, पाठ नाल्याकडे. आणि बाबांना दोरापाशी, तळवा दोरावर. लहानपणी काकांच्या वाडीत डोंगरावरून लाकडाचे ओंडके उतरवताना तिने बघितलं होतं, एक जाणता माणूस दोरावर तळवा ठेवूनच असायचा. दोर तुटायला आला की आधी तो थरथरतो आणि ते हाताला कळतं. बाबा इथलेच. ते दुसरं काय करणार?

रामजीकाकांनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि चष्मा झटकन काढला.

"ह्या तुला कुनी सांगितलान?"

"काय?"

"हा हात. दोरावरचा."

"कुणी नाही. मीच केला."

"वयनी काय बोलली?"

"आई काय बोलणार? तिथं तुमच्याशिवाय होतं कोण?"

काका तिच्याकडे टक लावून बघत राहिले. ती नजर रेणुकाला चांगली ओळखीची होती. चोरून आणलेलं चित्र बाईंच्या टेबलावर ठेवताना पोरांची असते ती. चहा तसाच टाकून ते निघून गेले.

त्या दिवसापासून तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. आपण मनाने केलेला हात बघून काका 'कुणी सांगितलं' म्हणून विचारतात, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे! मग तिला खड्ड्याची गोष्ट आठवली. तोफगोळ्याचा खड्डा कुठं खणायचा म्हणून विचारलं, तर काकांनी आधी नाल्याच्या अलीकडे दाखवला. पुढच्या खेपेला पलीकडे. तिसऱ्यांदा म्हणाले, "असू दे गो, कुठं पन कर." ज्या माणसाला मातीचा रंग आठवतो, ड्रायव्हरचा हात आठवतो, त्याला जिवाभावाच्या दोस्तावर पडलेला गोळा आठवू नये?

आणि आता हे जवानाचं हलणं. मंगळवारी तो दोरापासून चार बोटं सरकला होता. गुरुवारी वीतभर. आज तर कडेला. रंग पुरता वाळेपर्यंत ती माणसं मेणाच्या गोळीवर उभी करत असे, त्यामुळे हलवायला कष्ट नव्हते. आधी तिने मांजराला धरलं. पण मांजर एकट्या सखारामलाच हलवील आणि वर त्याला पुन्हा नीट मेणावर उभा करील, हे काही पटेना. आईला धरावं, तर तिला मोतीबिंदूमुळे खोलीचं दार दिसायची मारामार.

रात्री अंथरुणावर पडल्यावर रेणुकाच्या मनात नको नको ते यायला लागलं. काका बाबांना दोरापासून दूर का नेतायत? बाबा तिथं नव्हतेच का? ऐन वेळी मागे राहिले, दडून बसले, पळाले? आणि मग मित्राची लाज राखायला काकांनी गोळ्याची गोष्ट रचली? तिने बाबांना कधी बघितलेलं नव्हतं. तिचे बाबा म्हणजे एक फोटो आणि एक गोळा. आईने तर त्या एका गोळ्यावर चोपन्न वर्षं काढली होती, कुणी दुसरं लग्न सुचवलं की ती म्हणे, "त्यांनी देशासाठी गोळा अंगावर घेतलानी, मी एवढा नाय करू?" तोच गोळा खोटा निघाला तर? रेणुकाला भीती वाटली, चक्क भीती, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला.

शनिवारी तिने सापळा लावला. सकाळच्या शाळेला निघताना सखारामच्या पाठीवर हिरव्या तैलरंगाचा जाडसर हात दिला. हा रंग दोन दिवस वाळत नाही. मग शाळेतून अर्धी सुट्टी काढून ती अकरालाच परत आली.

रामजीकाका ओटीवर चहा पीत बसले होते. खोलीत जाऊन बघते तर सखाराम फळ्यावर नव्हताच. कडेला नाही, मेजाखाली नाही, कुठंच नाही. मेणाची गोळी तेवढी दोरापाशी पडलेली.

ती ओटीवर आली. आई मागे परसात होती. पांढऱ्या कपाच्या कानाला हिरवं बोट लागलेलं लांबूनच दिसत होतं.

"काका, अंगठा दाखवा."

काकांनी अंगठ्याकडे बघितलं. मग कप खाली ठेवला आणि सदऱ्याच्या खिशात हात घालून सखारामला बाहेर काढला. खिशालाही हिरवा डाग पडला होता.

"माझ्या बाबांना कुठं लपवताय तुम्ही?" रेणुकाचा आवाज फाटला. "तिथं नव्हते ना ते? पळाले होते ना? सांगून टाका एकदाचं!"

"पळाला?" काका ताडकन उठले. "सख्या पळाला? असा पुन्ना तोंडातून काढू नको, बाय. पळाला असता तर आज माज्या शेजारी बसला असता!"

ते तिच्या आधी खोलीत गेले. मेजाशी उभं राहून त्यांनी बोट दाखवलं.

"लोखंडी दोर ताणला ना, की त्याच्याजवल कुनी उभा रहायचा नाय. पयल्या दिवशी शिकवतात. दोर जेवडा लांब, तेवडा तुमी बाजूला. कारन तुटला की तो दोनी बाजूंनी फटका मारीत येतो. आपला काथ्याचा दोर आदी थरथरतो, आवाज देतो. लोखंडी काय सांगत नाय. पन सख्याची सवय जाईना. दोनदा वरडलो त्याला. सोड म्हनलो, हा काय ओंडका हाय? हसलान. म्हनलान, हाताला कळल्याबिगर माजा जीव लागत नाय."

"मग?"

"मग मी ड्रायव्हरकडं तोंड केला. मला वाटला सख्या लांब गेला असंल. मागं वळून बगायचा होता. तेवडाच काम होता माजा, बाय. बगायचा, नि मग हात वर करायचा." त्यांनी उजवा हात खांद्यापर्यंत उचलला आणि तिथंच थांबवला. "मी बगितला नाय."

मग त्यांनी तो हात खाली घेतला.

"गोळे पडत होते, पन लांब. दोर तुटला. सरकारी कागदात लढाईत मेला एवडाच लिवलेला. पेटी घेऊन आलो तर वयनी पोटुशी, दारात उबी. कसा झाला म्हनून विचारलान. माज्या तोंडातून गोळा निघाला." ते खाली बसले. "तू तो हात दोरावर ठेवलास, मला वाटला तुला कळला. पुरावा काडायला बोलावतेस मला. तरी यायचो. येऊन त्याला जरा बाजूला करायचो. म्हनायचो, इथं तरी हो बाजूला."

रेणुकाने दोऱ्याचं रीळ घेतलं. गाडीपासून रणगाड्यापर्यंत तारेवर दोरा धरला, सतरा इंच भरला. तोच तिने बाबांच्या जागेपासून आडवा लावला. फळ्याची कड नऊ इंचांवर संपली. दोऱ्याचं टोक फळा ओलांडून, मेज ओलांडून बाहेर हवेत आलं, काकांच्या खिशापाशी. बाबांना वाचवायचं तर त्या फळ्यावर त्यांना जागाच नव्हती.

तिला रडू फुटलं. राग कुठं गेला ते कळलंच नाही. तिच्या हयातीत पहिल्यांदाच तिचे बाबा कुणाचं तरी न ऐकता हसले होते.

बऱ्याच वेळाने तिने गोंदाची नळी काकांच्या हातात दिली. काकांनी सखारामच्या बुटांना गोंद लावला, त्याला दोरापाशी नेला आणि तळवा दोरावर टेकेपर्यंत धरून ठेवला.

"मला पाठमोराच ठेव," ते म्हणाले. आणि दारातून वळून, "वयनीला..."

"मी नाही सांगणार," रेणुका म्हणाली. "पण खड्डा काही मी करणार नाही."

सोळा तारखेला विहार भरला होता. जयभीम, जयभीम करत माणसं काचेच्या पेटीभोवती दाटली. पोरं रणगाड्यावर खूश. म्हाताऱ्यांनी सखाराम ओळखला, दोरावरच्या हातावरून. "असाच ठेवायचा, अगदी असाच!" रामजीकाका मागच्या भिंतीला टेकून उभे होते, खाली बघत.

मग चंपाला पुढे आणलं. तिने काचेला नाक लावलं. रेणुकाने तिचं बोट धरून एकेक दाखवलं. हा रुतलेला रणगाडा, ही गाडी, हा दोर, हे बाबा. बाबांपाशी तिचं बोट खूप वेळ थांबलं. मग ते काचेवरून अलीकडे गेलं, पलीकडे गेलं, काहीतरी शोधत राहिलं.

"आनि खड्डा?" चंपाने विचारलं. "गोळा पडला तो खड्डा कुटं हाय गो?"

रेणुकाने काकांच्या भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

गुडघे सांभाळत रामजीकाका गर्दीतून पुढे आले. टोपी काढून हातात घेतली.

"गोळा पडलाच नाय, वयनी," ते म्हणाले. "हा पाठमोरा उबा हाय ना, हा मी."

चंपाने काचेवरचा हात काढला नाही. त्या पाठमोऱ्या माणसाकडे ती डोळे बारीक करून बघत राहिली. मग दुसऱ्या हाताने चाचपडत तिने शेजारची खुर्ची ओढली आणि काकांच्या बाजूला सरकवली.

"बसा, भावजी," ती म्हणाली. "बसून सांगा."