मारणारी आणि फिरवणारी

एका बाजूनं बल्ली लख्ख निघाली होती आणि दुसऱ्या बाजूची साल जशीच्या तशी. आसारामनं इंजिन बंद केलं आणि बल्लीला लाथ घातली. लाथ बाभळीला बसली, शिवी मात्र श्रीमंत नावाच्या मुकादमाला होती. यंत्राचं काहीही बिघडलं की तो मुकादमालाच शिव्या द्यायचा. त्यानं हुरूप टिकून राहायचा.

नगरातल्या एका वर्कशॉपात आसाराम फिटर होता. दिवसभर मालकाचं काम करायचं आणि संध्याकाळी मागच्या पत्र्याखाली हे स्वतःचं. बाभळीचं कोवळं झाड एका तोंडानं आत घालायचं, की फांद्या आणि साल जाऊन सोट बल्ली दुसरीकडून बाहेर. फांद्यांचं जमलं होतं. पात्यांच्या कड्यातून झाड ओढलं की काटेरी फांद्या पटापट गळत. साल मात्र दाद देत नव्हती. पाती लावली तर लाकूडच तासलं जाई. म्हणून त्यानं फिरत्या दांड्याला साखळ्या जोडल्या. त्या बल्लीला बडवत, पण एकाच अंगानं.

"अरं, नुसतं मारून कुठं साल निघती व्हय?" जेवणाचा डबा घेऊन आलेली त्याची आई, भीमाबाई, म्हणाली. "मी मारायची आन् साळू फिरवायची. तिचा हात थांबला की माजी मोगरी वाया."

आसाराम बघतच राहिला. हे तर त्यानं लहानपणापासून पाहिलेलं होतं.

गावाकडं बन्सीशेठच्या वखारीत बायका जोडीनं साल काढायला बसत. एक लाकडी मोगरीनं बडवायची, दुसरी बल्ली फिरवायची. भीमाबाई मारणारी, साळूबाई फिरवणारी. एकदा बल्लीवर फांदीचा खुंट राहिला, एवढ्यावरून श्रीमंत मुकादमानं भीमाबाईला अख्ख्या टोळीदेखत ओल्या फोकानं झोडपलं. साळूबाई मध्ये पडली. फोकाचं टोक तिच्या डोळ्यात गेलं आणि तो डोळा कायमचा गेला. आसारामला तेव्हा मिसरूड फुटलं होतं. तो भाकरी घेऊन आला होता आणि भाकरी हातात धरून नुसता उभा राहिला होता. मुकादम हसून म्हणाला होता, "ए भीमीच्या पोरा, ने तुझ्या आयला घरी."

त्या दिवसानंतर भीमाबाईनं वखारीत पाऊल टाकलं नाही. लेकाला नगरात नोकरी लागली, तीही नगरात आली. पण राग काही तिनं गावाकडे ठेवला नाही.

"वळ कवाच गेलं," ती म्हणायची. "पन त्यो मेला माज्या जागी वाकल्याला बघितल्याबिगर माजा जीव थंड व्हायचा न्हाई."

आसारामचाही होणार नव्हता. त्यानं बल्ली धरून गरागरा फिरवणारे दोन दातेरी रूळ बसवले आणि त्यांचं नाव ठेवलं साळू. दुसऱ्या दिवशी बल्ली चहूअंगांनी सोलून बाहेर आली, तेव्हा मायलेक पत्र्याखाली येड्यासारखे हसत बसले.

बन्सीशेठ यंत्र पाहायला आले आणि पाहताक्षणीच भाळले. आसारामनं एकच अट घातली.

"यंत्रात झाडं घालायला श्रीमंत मुकादम पायजे. दुसरा कोणी चालणार न्हाई."

"अरे, तो मुकादम आहे. तो कसा राबेल?"

"टोळीच राहणार न्हाई शेठ, मग मुकादम कशाचा?"

शेठ हसले. आसाराम हसला नाही. हे वाक्य तो कित्येक वर्षं मनात घोटत होता.

यंत्र सुरू व्हायच्या दिवशी त्यानं आईला नवं लुगडं नेसवून वखारीत नेलं. शेठनं खुर्ची टाकायला लावली. समोर डोक्याला फडकं बांधून श्रीमंत मुकादम उभा होता. झाडं यंत्रापाशी आणून टाकताना काट्यांनी त्याचे हात ओरबाडले होते. इंजिन धडधडायला लागलं आणि तो एकेक झाड उचलून वाकून आत सारू लागला.

भीमाबाईनं पोटभर पाहून घेतलं. दुष्टपणा म्हणा हवं तर, पण तिच्या तोंडावर असं समाधान आसारामनं कधी पाहिलं नव्हतं.

"वाक की अजून," ती मोठ्यांदा म्हणाली. "कंबर मोडती व्हय?"

मुकादमानं ऐकलं आणि मान खाली घातली. आसारामच्या अंगावरून मोरपीस फिरलं.

मग भीमाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. बायका बसायच्या ती लिंबाखालची जागा झाडून स्वच्छ केलेली होती.

"साळू कुठं हाय रं? तिला बघू दे की. डोळा तिचा गेलाय."

आसारामनं मान वळवून पाहिलं. साळूबाई आठवली नाही असा एक दिवस गेला नव्हता. रूळ फिरवताना तर तिचं नाव सारखं तोंडात होतं. पण ती अजून याच वखारीवर पोट भरत असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बायांना कालपासून नको म्हणून सांगितलंय," शेठ म्हणाले. "ऐकत नाहीत. बसल्यात फाटकाबाहेर."

भीमाबाई खुर्चीवरून उठली. आसाराम मागोमाग गेला. फाटकाबाहेर बायका मोगऱ्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साळूबाईनं एका डोळ्यानं नवं लुगडं न्याहाळलं आणि ओळख पटली तशी ती खुलली.

"भिमे, तुजा ल्योक लई हुशार निघाला गं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

भीमाबाईनं लेकाकडे एकदा पाहिलं. नवं लुगडं सावरून ती मातीत बसली आणि साळूबाईच्या मांडीवरची मोगरी तिनं उचलली. यंत्राला न चालणारी वाकडी झाडं फाटकाबाहेर फेकलेली होती, त्यातलं एक साळूबाईनं पुढ्यात ओढलं.

"मावशे," आसाराम म्हणाला.

आत इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून मुकादम विचारत होता, "आसारामशेठ, पुढचं घालू का?"

ही हाक ऐकण्यासाठी तो इतकी वर्षं जगला होता. ती त्याला नीट ऐकूही आली नाही. फाटकापाशी भीमाबाई मारत होती, साळूबाई फिरवत होती, आणि दोघींपैकी एकीनंही मान वर केली नाही.